ताप उतरल्यावरची सावधगिरी

डेंग्यू व चिकुनगुनिया हे दोन्ही ज्वर दिवसा चावणाऱ्या एडिस डासामुळे पसरतात. आरंभी दोहोंतील भेद डॉक्टरांसही रक्ततपासणीवाचून निश्चित करता येत नाही. चिकुनगुनियात सांधे विशेष धरतात. १९७३ साली बार्शीस त्याची मोठी साथ आली होती. डेंग्यूत मात्र खरा धोका ताप उतरू लागल्यावर, बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसांत असतो. मूल बरे झाले असे समजून पालक त्यास शाळेत धाडतात आणि हजेरी भरली म्हणून शिक्षकही संतोष मानतात! अशा मुलास पोटात तीव्र वेदना, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्तस्राव, गार हातपाय किंवा ग्लानी आढळल्यास पालकांस कळवून तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचवावे. ॲस्पिरिन कदापि देऊ नये.