पंख्याला कसं कळतं?

एप्रिल-मेमधलं सोलापूर म्हणजे पारा चाळिशीच्या वर. त्यात भवानी पेठेतला एखादा पत्र्याचा यंत्रमाग कारखाना. वर पत्रा तापलेला, खाली मागांच्या मोटारी तापलेल्या. गरम हवा हलकी, ती पत्र्याखाली साचते, म्हणून एक्झॉस्ट पंखा भिंतीत उंच बसवतात. पण तो चालू-बंद कुणी करायचा? धोट्यावर नजर ठेवणाऱ्याला बटनाकडे धावायला सवड कुठली?

हे काम थर्मोस्टॅटकडे सोपवा. त्याला डोळे नाहीत, मेंदू नाही, तरी शेडमध्ये ३६ अंश झाले की पंखा सुरू! त्याला कळतं कसं?

जुन्या पद्धतीच्या थर्मोस्टॅटमध्ये पितळेची आणि पोलादाची अशा दोन पट्ट्या एकमेकींना पक्क्या जोडलेल्या असतात. तापल्यावर दोन्ही लांबतात, पितळेची जरा जास्त. किती जास्त? दहा सेंटिमीटरच्या पट्ट्या २० अंशांनी तापवल्या तर फरक पडतो ०.०१४ मिलिमीटर. केसाच्या जाडीचा जेमतेम पाचवा हिस्सा! एवढ्याशा फरकानं काय होणार?

बरंच होतं. एकाच जुवाखालचा एक बैल झपझप निघाला आणि दुसरा रेंगाळला तर गाडी वळते. तशी ही जोडपट्टी वाकते. तिची एकूण जाडी एक मिलिमीटर असेल आणि एक टोक घट्ट धरलेलं असेल, तर मोकळं टोक जवळपास पूर्ण एक मिलिमीटर सरकतं. फरकाच्या सत्तर-पंचाहत्तर पट! विजेची जोडणी जुळवायला एवढं पुष्कळ झालं. ही जोडपट्टी अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या मूळच्या सुतारानं आपल्या समुद्री घड्याळासाठी घडवली होती, थंडी-उन्हानं वेळ चुकू नये म्हणून.

आजच्या डिजिटल थर्मोस्टॅटमध्ये पट्टीच नसते. असतो ज्वारीच्या दाण्याएवढा थर्मिस्टर. नेहमी मिळणाऱ्या एका प्रकारात २५ अंशांना त्याचा विद्युतरोध १० हजार ओहम असतो, ५० अंशांना तो साडेतीन हजारांच्या आसपास उतरतो. उरलेलं काम म्हणजे नुसतं मोजणं.

३६ ला चालू आणि ३६ लाच बंद असं ठेवलं तर मात्र पंखा सारखा चालू-बंद होत बसेल आणि रिले, म्हणजे त्याची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, लवकर जळेल. म्हणून ३६ ला चालू, ३४ ला बंद. मधल्या दोन अंशांत तो आधी करत होता तेच करत राहतो. म्हणजे या यंत्राला थोडीशी आठवणही असते!

आता खरी गंमत. दुपारी बाहेर ४२ अंश आणि आत ३८ असतील तर? आतला उकाडा बघून थर्मोस्टॅट इमानदारीनं पंखा लावील, पंखा आतली हवा बाहेर फेकील, आणि तिच्या जागी दारा-खिडक्यांतून बाहेरची झळ आत येईल. शेड आणखी तापेल! उपाय सोपा: एक थर्मिस्टर आत, दुसरा बाहेर सावलीत. बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड असेल तरच पंखा फिरवायचा. रात्री आणि पहाटे मग त्याची खरी कमाई.

पण सूत काय म्हणतं? कापसाचा धागा ओलाव्यानं बळकट होतो, कोरड्या हवेत तटातट तुटतो. उन्हाळ्यातली कोरडी हवा पंख्यानं भराभर आत ओढली तर माणसाला बरं वाटेल आणि ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, तुटू लागेल. म्हणून विणकामाच्या शेडमध्ये तापमानासोबत दमटपणा मोजणारा सेन्सरही जोडावा लागतो.