आधीं बरोबर, मग जलद

पुण्यास १९९१ सालीं ‘परम ८०००’ तयार झाला, तेव्हांपासून महासंगणक हा शब्द आपल्या कानांवर आहे. ती विद्या शिकूं इच्छिणारा एक तरुण मध्यंतरीं माझ्याकडे आला. धातूच्या पत्र्यांत उष्णता कशी पसरते, हें काढणारी आज्ञावली त्यानें फोर्ट्रान भाषेंत लिहिली होती. घरच्या संगणकावर तिला ९ तास लागत. “१,००० प्रोसेसर मिळाले, तर हेंच काम अर्ध्या मिनिटांत होईल ना?” असें त्यानें विचारलें.

मी उलट विचारलें, “उत्तर बरोबर आहे, हें कशावरून?” तो गप्प राहिला. मग पत्र्याच्या चारी कडा १०० अंशांवर ठेवून पाहावयास सांगितलें. सरतेशेवटीं सारा पत्रा १०० अंशांवरच यावयास हवा. तसें झालें नाहीं. उजव्या कडेलगतचा एक स्तंभ शून्यावरच राहिला, कारण गणिताचा फेरा एक घर आधींच थांबत होता! चार महिन्यांचीं उत्तरें फुकट गेलीं, आणि प्रबंध देण्यास सहाच आठवडे उरले होते.

चूक सुधारल्यावर आम्ही वेगाकडे वळलों. फोर्ट्रान भाषा कोष्टक स्मृतींत स्तंभामागून स्तंभ असें मांडते. सी भाषा ओळीमागून ओळ. आणि संगणक स्मृतींतून एकटा आंकडा आणीत नाहीं. बहुधा ६४ बाइटांचा गठ्ठा, म्हणजे ८ बाइटांचे ८ आंकडे, एकदम उचलतो. हा गृहस्थ फोर्ट्रानचें कोष्टक ओळीनें चालत होता. त्यामुळें एक आंकडा वापरला जाई, सात वायां जात. दोन फेऱ्यांची अदलाबदल करतांच ९ तासांचें काम ३ तासांवर आलें. नवा प्रोसेसर एकही नाहीं.

मग हजार प्रोसेसरांचें काय? जीन ॲम्डाल यांनीं १९६७ सालीं दाखविलें कीं, कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो साऱ्या वेगाला अडवितो. ३ तासांपैकीं दशांश भाग तसा असला, तर तीं १८ मिनिटें कितीहि प्रोसेसर लावले तरी घटत नाहींत. पंगतीला वाढपी शंभर आणले, तरी चुलीवरचा भात आपल्या वेळींच शिजणार. म्हणून वेळ कोठें जातो, हें नवशिक्यानें आधीं मोजावें. नंतर एकाच संगणकाच्या चार-आठ कोअरांत काम वांटण्यास ओपनएमपी शिकावें. अनेक यंत्रांत संदेश धाडणारें एमपीआय त्यापुढें.

प्रोसेसर वाढले कीं बेरजेचा क्रम बदलतो, आणि उत्तराचा शेवटचा एखादा अंक निराळा येतो. तो पाहून आमचा तरुण घाबरून पुन्हां धांवत आला होता. या वेळीं मात्र त्याची कांहीं चूक नव्हती.