विंडोज १०ची मुदत संपली. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स शिकायचे कुठून?

रत्नागिरीत मारुती मंदिरपासून साळवी स्टॉपपर्यंत झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानांत, क्लासमध्ये आणि घरोघरी सात-आठ वर्षांपूर्वीचे कॉम्प्युटर अजून चालू आहेत. त्यांचे यंत्र ठीक आहे, अडचण विंडोजची आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा मोफत आधार थांबवला. घरगुती ग्राहकांना मिळालेली वाढीव सुरक्षा अपडेटची मुदतही १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच होती. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. त्यामुळे साधारण २०१८च्या आधीचे बहुतेक पीसी त्यातून बाद होतात. पीसी चालू राहतो, पण सुरक्षेची भोके बुजत नाहीत आणि त्याच पीसीवर बँकेचे व्यवहार होत असतात.

भंगारात काढायचा नसेल, तर लिनक्स हा मोफत पर्याय आहे. ‘ते इंजिनीअरांचे काम, आणि सगळे इंग्रजीत’ म्हणून अनेक जण तिथेच थांबतात. यातला दुसरा भाग खरा नाही.

लिनक्स म्हणजे नेमके काय?

अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये १९६९ साली युनिक्स ही प्रणाली आकाराला येऊ लागली. त्याच धाटणीवर फिनलंडचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला आणि सर्वांना खुला केला. आज हाच गाभा प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. म्हणजे ही बातमी अँड्रॉइडवर वाचणारा लिनक्सच वापरत आहे. उबुंटू आणि लिनक्स मिंट ही त्यावर उभी असलेली पीसीची तयार रूपे आहेत. ४ जीबी रॅमच्या जुन्या पीसीसाठी मिंटची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती बरी.

मराठीतून कोण शिकवते?

सर्वात उपयोगी साधन आयआयटी मुंबईचे आहे. ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प प्रा. कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने केंद्र सरकारच्या निधीतून उभा राहिला. साधारण दहा मिनिटांचा एकेक धडा, पडद्यावर प्रत्यक्ष काम आणि मागे मराठी आवाज, असे त्याचे स्वरूप आहे. फाइल कशी शोधायची, परवानग्या कशा बदलायच्या, एका आज्ञेचे उत्तर दुसरीला कसे द्यायचे, हे सगळे त्यात क्रमाने येते. लिब्रेऑफिसचे धडेही आहेत. दुकानदाराला खरे तर आधी तेच लागतील.

आवाज मराठी असला तरी पडद्यावरचे मेनू इंग्रजीच राहतात. हे सोयीचेच आहे, कारण शिकणाऱ्याच्या पीसीवरही बहुधा तीच नावे दिसतात. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ लावायचा, अर्ध्यावर तेच स्वतः करायचे. नुसते बघून काही हाती लागत नाही. लिनक्सचे काही धडे उबुंटूच्या जुन्या आवृत्तीवर चित्रित झाले आहेत, त्यामुळे पडदा वेगळा दिसेल. मूळ आज्ञा मात्र बदललेल्या नाहीत. धडे डाउनलोड करता येतात. पावसाळ्यात नेट जाणाऱ्या गावांसाठी शहरातून ते पेनड्राइव्हवर नेणे सोपे.

पीसी नाही, फक्त फोन आहे?

तरी सुरुवात होते. ‘एफ-ड्रॉइड’ या अ‍ॅपसंग्रहातून ‘टर्मक्स’ घेतले की फोनवरच लिनक्सची काळी खिडकी, म्हणजे टर्मिनल उघडते. फोन ‘रूट’ करावा लागत नाही. पहिल्या दिवशी तीन आज्ञा पुरेत : ‘पीडब्ल्यूडी’ म्हणजे आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत (इथे बांधकाम खाते नव्हे), ‘एलएस’ म्हणजे इथे काय काय आहे आणि ‘सीडी’ म्हणजे दुसरीकडे जा. तिन्ही इंग्रजी लहान लिपीतच लिहायच्या. लिनक्सला लहान-मोठ्या अक्षरांतला फरक कळतो आणि नवशिक्याचा पहिला घोटाळा बहुधा तिथेच होतो.

‘आरएम’ ही आज्ञा मात्र सावकाश. तिने उडवलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. ‘सुडो’ने सुरू होणारी ओळ कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, तर अर्थ कळल्याशिवाय चिकटवू नये. सुडो म्हणजे त्या ओळीला मालकाचे अधिकार देणे.

विंडोज लगेच काढावे का?

नाही. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट उतरवून पीसी त्यावरूनच सुरू करता येतो. हार्डडिस्कला हात लागत नाही. या ‘लाइव्ह’ अवस्थेत वाय-फाय, आवाज आणि मुख्य म्हणजे प्रिंटर तपासावा. एचपीचे बरेच प्रिंटर सहज चालतात. दुकानांत सर्रास दिसणाऱ्या कॅननच्या एलबीपी २९००साठी मात्र खटपट करावी लागते. कायमचे बसवण्याआधी सगळ्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर हवीच.

काहींनी तर इकडे वळूच नये. टॅलीवर हिशेब, श्रीलिपीत मजकूर आणि कोरलड्रॉमध्ये पत्रिका करणाऱ्या दुकानाचे काम या सॉफ्टवेअरवर चालते आणि ती मुख्यतः विंडोजसाठी आहेत. अशा ठिकाणी नवा पीसी घेणे स्वस्त पडेल. जुना पीसी मुलांना शिकायला द्यावा. युनिकोड मराठीची मात्र अडचण नाही. सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडला की विंडोजसारखीच टायपिंग होते.

मराठी धडे संपल्यावर पुढे?

पुढची साधने मुख्यतः इंग्रजीत आहेत. विल्यम शॉट्स यांचे ‘द लिनक्स कमांड लाइन’ हे पाचशेहून अधिक पानांचे पुस्तक लेखकाच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात मोफत मिळते. इंग्रजी सोपे आहे, पहिला भाग बारावीचा विद्यार्थी वाचू शकेल. लिनक्स फाउंडेशनचा प्राथमिक अभ्यासक्रम ‘एडएक्स’वर मोफत पाहता येतो, प्रमाणपत्राला पैसे पडतात. मुंबई विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सायन्सच्या अभ्यासक्रमात लिनक्स असल्याने रत्नागिरीतल्या कॉलेजांत ते शिकलेली मुले सापडतील. पेनड्राइव्ह तयार करायला अशा एखाद्याची तासभर मदत मिळाली, तर पहिला अडथळा सरतो.

नेट नसताना प्रणालीतच दडलेला शिक्षकही आहे : ‘मॅन’ लिहून पुढे कुठल्याही आज्ञेचे नाव दिले की तिची माहिती उघडते. भाषा रुक्ष आहे. बाहेर पडायला ‘क्यू’ दाबावे लागते, हे आधीच माहीत असलेले बरे.