यंत्रांच्या तक्रारी : लेखांक १४ : पडद्यावरचा डाग आणि ब्रिस्टलचा कुत्रा

चार्जिंगच्या खाचेत धरणाऱ्या हिरव्या गंजाची हकिकत या आठवड्यात सांगण्याचे मी कबूल केले होते; परंतु चिपळूणहून एका वाचक भगिनींचे जे पत्र आले आहे, त्यातील प्रश्न इतका मार्मिक आहे की, गंजाचे प्रकरण तूर्त तहकूब ठेवून त्याचाच परामर्श घेणे मला उचित वाटते. त्यांचा फोन पाण्यात कधी पडला नाही, पावसात उघड्यावर राहिला नाही. मात्र श्रावणाच्या सुमारास पडद्याच्या खालच्या कडेला फिकट, पिवळसर पट्टा उमटला, आणि दुकानदाराने फोन हातात घेताक्षणीच, तो उघडण्याची तसदी न घेता, "पाणी गेलंय, फोल्डर (म्हणजे काचेसकट अख्खा पडदा) बदलावा लागेल" असा निकाल दिला. पाण्याशिवाय पाणी गेले कसे, असे त्या विचारतात.

निकाल चूक असेलच असे नाही. चौकशीवाचून दिला, एवढीच माझी हरकत. ती चौकशी घरीही होते. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून फोनमध्ये जी पिवळी छटा चालू करता येते, ती सबंध पडद्यावर सारखी पसरते. तिला कड नसते. येथे कड आहे, तेव्हा तो संशय सोडून द्यावा. फोन आडवा करून चित्र फिरवावे. चित्र फिरले आणि डाग जागीच राहिला, तर दोष पडद्याचा. यानंतर खरी परीक्षा. फोन पुरता बंद करावा, ओटीवर किंवा खिडकीशी भरपूर उजेडात न्यावा, आणि तिरपा धरून पाहावा : विझलेल्या पडद्यावरही डाग दिसतो काय?

या एका प्रश्नावर पुष्कळ अवलंबून आहे. एलसीडी पडद्याच्या तळाशी कडेने बसविलेल्या दिव्यांचा प्रकाश सर्वत्र समान पसरविणारी पातळ पटले एकावर एक नुसती ठेवलेली असतात, आणि त्यांच्यामधील हवेच्या फटीत पाण्याचा थेंब शिरला की केशाकर्षणाने पसरून त्याचा नकाशासारखा, गडद किनारीचा ओघळ तयार होतो. पण तो दिवा लागल्यावरच दिसतो, विझल्यावर लोपतो. ओएलईडी पडद्यात असा दिवाच नाही. ईस्टमन कोडॅकच्या टँग आणि व्हॅन स्लाइक या दोघा संशोधकांनी १९८७ साली ज्या सेंद्रिय थरांचा स्वयंप्रकाश जगापुढे मांडला, ते थर पाण्याला इतके असहिष्णू आहेत की, त्यांच्या आवरणातून दर चौरस मीटरला दिवसाकाठी ग्रॅमच्या दशलक्षांश भागाएवढीच वाफ जावी, असा दंडक मानतात. तो मोडला की काळा ठिपका उमटून वाढत जातो, आणि मग वाळवून उपयोग नाही.

फोन बंद असतानाही डाग दिसला, तर मात्र संशय वरच्या ध्रुवण-पटलावर जातो. आणि या पटलाविषयी बोलण्याची मला हौस आहे, हे जुन्या वाचकांना ठाऊकच आहे. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पातळ पापुद्रा आयोडीनमध्ये भिजवून एका दिशेने ताणला की, त्याच्या लांबलचक रेणूंच्या ओळींत आयोडीन रांगेने बसते आणि एकाच पातळीत कंप पावणारा प्रकाश तेवढा पलीकडे जाऊ देते. शाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकताच जी निळाई उमटते, ती याच आयोडीनची करामत. हा पापुद्रा मुळात पाण्यात विरघळणाऱ्या जातीचा. दोन्ही अंगांनी संरक्षक अस्तर असले तरी अस्तरातून वाफ झिरपते, आणि कापलेल्या कडा तर उघड्याच. स्वयंपाकघरातील वाफ, खिशातला घाम, कोकणातील पावसाळी हवा आणि चार्ज होताना तापणारा फोन यांचा योग जुळला, विशेषतः पडदा पूर्वी एकदा बदलून हलक्या प्रतीचा बसविलेला असला, की कडेकडून आयोडीन निसटते आणि पट्टा फिकटतो. पाण्यात न पडताही ओल कशी जाते, याचा खुलासा हा असा आहे.

या पटलाचा प्रताप पाहावयाचा असेल तर दुचाकीचे डिजिटल मीटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे जावे. वर्षानुवर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या मीटरवरील जळका पापुद्रा तो पात्याने खरवडतो, आणि त्यासरशी आकडे साफ नाहीसे होतात; काच कोरीच आहे असे वाटते. नवी फिल्म नुसती वर धरली की आकडे जिथल्या तिथे हजर. आणि तीच काटकोनात फिरवली, तर काळ्या पाटीवर पांढरे अंक. आकडे प्रकाशात होतेच. ते वेगळे काढून दाखविणारे पटल तेवढे नव्हते.

या विद्येच्या मुळाशी एक कुत्रा आहे. १८५२ साली ब्रिस्टलचे वैद्य विल्यम बर्ड हेरापाथ यांच्या फेल्प्स नावाच्या शिष्याने, क्विनीन दिलेल्या कुत्र्याच्या मूत्रात आयोडीन टाकले असता चकचकीत हिरवे स्फटिक तयार झालेले पाहिले. हेरापाथांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले; जेथे दोन स्फटिक एकमेकांवर पडले होते तेथे कोठे उजेड होता, कोठे ठार काळोख, आणि ध्रुवणकारी द्रव्य हाती लागल्याचे त्यांनी ओळखले. मोठा स्फटिक वाढविणे मात्र फार बिकट ठरले. पुढे एडविन लँड या अमेरिकन तरुणाने मोठ्याचा नाद सोडून असंख्य सूक्ष्म स्फटिक एका दिशेने रांगेत बसविले, १९२९ साली पेटंटसाठी अर्ज केला, आणि १९३८ मध्ये स्फटिकांनाही रजा देऊन ताणलेल्या पापुद्र्यात नुसते आयोडीन बसविले. आपल्या खिशातील पटल त्याच घराण्यातले.

आता दुकानदाराच्या पुराव्याविषयी. पुष्कळ फोनांत, काहींत सिमकार्डाच्या खाचेतच, पाण्याचा स्पर्श होताच लाल होणारी पांढरी चकती असते. ती लाल असेल तर पाणी तिथवर पोचले, इतकेच सिद्ध होते. पडद्यावरचा डाग त्याच पाण्याचा, हे नव्हे. उलट, ती पांढरी राहिली म्हणून वाफ शिरलीच नाही असेही ठरत नाही, कारण नित्याच्या दमट हवेने ती रंग बदलू नये अशीच तिची योजना असते. आयपी६७ या मानांकनाचाही हवाला देऊ नये. ती परीक्षा एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवण्याची, न्हाणीघरातील कढत वाफेची नव्हे.

डाग दिवा लागल्यावरच दिसत असेल, तर फोन बंद ठेवून, सिमची तबकडी काढून, वाहत्या हवेत वाळू द्यावा. तांदळाच्या डब्यात पुरू नये, कारण त्याचा कोंडा खाचांत जातो. आणि दुकानात बोर्ड आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धुण्याचे ठरलेच, तर ते अवश्य करू द्यावे. मात्र तो द्राव पडद्याच्या कडेने शिरला तर प्रकाश पसरविणाऱ्या त्याच पटलांत नवा ओघळ उठवितो, म्हणून धुण्यापूर्वी पडद्याची पट्टी सोडवून पडदा बाजूला ठेवला आहे ना, एवढे काउंटरपाशी उभे राहून पाहावे.