बाहेर संथ, आत सुसाट

साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे गेलं की चाळकेवाडीचं पठार लागतं. आषाढात इथे छत्री उघडू नये. उघडली तर ती आपली राहत नाही. अशा वाऱ्यातही पवनचक्कीची पाती मात्र आरामात फिरताना दिसतात. यांच्यावर घरातला पंखा तरी चालेल का, असं शेजारी उभ्या मुलीने विचारलंच.

तिला म्हटलं, पात्याच्या टोकाकडे बघ. मधला भाग लहानसं वर्तुळ फिरतो तेवढ्याच वेळात टोकाला प्रचंड वर्तुळ पुरं करायचं असतं. जोराच्या वाऱ्यात ते ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास धावतं. खाली ऐकू येणारं ‘व्हूप... व्हूप’ त्याचंच.

पात्याचा आकार विमानाच्या पंखासारखा असतो. फुगीर बाजूने हवा वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि पातं तिकडे ओढलं जातं. नुसत्या ढकलण्याने एवढं काम झालं नसतं.

माथ्यावरच्या पेटीत गिअरबॉक्स असतो. पात्यांच्या मिनिटाला वीस-तीस फेऱ्या, तो त्यांच्या हजार-दीड हजार करतो. त्या वेगाने जनित्र फिरतं. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज वाहते, हे मायकेल फॅरडेने 1831 मध्ये दाखवलं होतं. मोडक्या खेळण्यातली मोटर काढा, तिला छोटा एलईडी जोडा आणि दांडा झटकन फिरवा. दिवा लुकलुकला नाही, तर उलटा फिरवून बघा.

वारा दुप्पट झाला की ऊर्जा आठपट होते: हवा दुप्पट येते आणि तिच्या प्रत्येक किलोतली ऊर्जा चौपट असते. म्हणून तर पवनचक्क्या इथे किंवा वनकुसवड्याच्या पठारावर, एवढ्या उंचीवर. खरी कमाई पावसाळ्यातली. पण वारा ताशी नव्वदच्या आसपास गेला की बहुतेक यंत्रं स्वतःहून थांबतात. मोडण्यापेक्षा बंद बरं.

तंत्रज्ञाने बुंध्याचं लोखंडी दार उघडलं. आत सरळ वर जाणारी शिडी, आणि माथ्यावरून लोंबणाऱ्या जाड काळ्या केबल. त्यांना चक्क पीळ पडला होता. वाऱ्याची दिशा बदलेल तशी वरची पेटी तोंड फिरवते, केबलही तिच्याबरोबर वळतात. पीळ फार झाला की यंत्र पाती थांबवतं, पेटी उलटी फिरवून केबल सोडवतं आणि पुन्हा वाऱ्याकडे तोंड करून कामाला लागतं.