मोठ्यानं वाच

गावच्या वाचनालयात नाव घालायला फार काही लागत नाही. आधार कार्डाची झेरॉक्स, थोडी अनामत आणि महिन्याची वर्गणी. नाव काढलं की अनामत परत मिळते, पावती तेवढी जपा. आमच्याकडे एका वेळी एकच पुस्तक देतात. ते परत केलं की दुसरं. म्हणजे जितकं वाचाल तितकी वर्गणी स्वस्त!

मी हौसेनं जाडजूड कादंबरी आणली. बारा दिवस उशाशी पडून राहिली. मग लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ घेतलं. सासूबाई म्हणाल्या, “एकटीच काय हसतेस? मोठ्यानं वाच.” त्यांना अक्षरओळख नाही. आता जेवणं उरकली की दहा पानं होतात. महिना संपला, पुस्तक अजून अर्धं आहे. सासूबाईंनी बटव्यातून पुढची वर्गणी काढून दिली.