प्रार्थना आधी, सिद्धान्त नंतर

पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे, असे विधान निकेयाच्या मतांगीकारात आहे. हा मतांगीकार म्हणजे श्रद्धेची जाहीर कबुली, आणि जगभरच्या असंख्य चर्चमध्ये ती आजही उपासनेत मोठ्याने म्हटली जाते. ‘एकतत्त्व’साठी मूळ ग्रीकमध्ये ‘होमोऊसिऑस’ हा शब्द आहे आणि तो बायबलमध्ये कुठेही आढळत नाही. मतांगीकारात तो आला इ.स. ३२५ च्या निकेया येथील धर्मपरिषदेतून. तुर्कस्तानातले आजचे इझनिक ते हेच गाव. धर्मग्रंथात नसलेला शब्द श्रद्धेच्या थेट गाभ्यात कसा जाऊन बसला, हे समजून घेतले की ख्रिस्ती सिद्धान्त कसे घडत गेले याचा बराचसा उलगडा होतो.

वादाला तोंड फुटले इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात, ३१८ च्या सुमारास. आरियस हा तिथला एक वयस्क, व्रतस्थ धर्मगुरू. देव एकच, अनादी आणि अजन्मा, ही त्याची पहिली आणि शेवटची निष्ठा. मग पुत्र ‘जन्मला’ असे म्हणायचे, तर त्याच्या अस्तित्वाला आरंभ आहे हेही मानावे लागते. तो साऱ्या सृष्टीत श्रेष्ठ खरा, पण निर्माण केलेलाच. तर्क सरळ होता आणि तो लोकांपर्यंत न्यायची हातोटीही आरियसकडे होती. खलाशांनी, दळणाऱ्यांनी, वाटसरूंनी म्हणावीत अशी गाणी त्याने रचली, असे त्याच्याच मताच्या एका इतिहासकाराने नोंदवले आहे. दळता दळता ईश्वराच्या स्वरूपाचा विचार करणे जनाबाईच्या मुलखातल्या माणसाला नवलाचे वाटणार नाही. आरियसचे बिशप अलेक्झांडर यांना मात्र ही शिकवण घातक वाटली.

सम्राट कॉन्स्टंटाइनने आधी पत्र पाठवून दोघांनाही समजावले. त्याच्या लेखी हा क्षुल्लक शब्दवाद होता. वाद मिटेना तेव्हा त्याने निकेयाला परिषद बोलावली. सुमारे तीनशे बिशप जमले. सम्राट डायोक्लीशनच्या काळातल्या छळातून वाचलेले त्यांत कितीतरी होते. तीच राजसत्ता आता त्यांचे आतिथ्य करत होती. या परिषदेचे एक दृश्य पुढे अलेक्झांड्रियाचा बिशप झालेल्या ॲथेनेशियसने लिहून ठेवले आहे. पुत्राविषयी बायबलमधलाच एखादा शब्दप्रयोग पुढे आला, की आरियसच्या बाजूचे बिशप आपसात कुजबुजत, खुणावत आणि तो मान्य करून टाकत. प्रत्येक वचनाचा आपल्या सोयीचा अर्थ त्यांना लावता येत होता. म्हणून ज्याला पळवाट नाही असा शब्द शोधावा लागला. ‘होमोऊसिऑस’वर आधीचा डागही होता: २६८ मध्ये अँटिओकच्या परिषदेने एका वेगळ्या वादात तो नाकारला होता. तरीही तोच निवडला गेला. शेवटपर्यंत नकार देणारे बिशप दोनच उरले आणि आरियससह त्यांना हद्दपार करण्यात आले.

मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की धर्मग्रंथाशी निष्ठा राखण्यासाठीच त्यांना धर्मग्रंथाबाहेरचा शब्द घ्यावा लागला.

परिषदेने वाद मिटला नाही, चिघळला. काही वर्षांतच आरियसला माघारी बोलावण्यात आले. मृत्युशय्येवर कॉन्स्टंटाइनला ३३७ मध्ये बाप्तिस्मा दिला तो आरियसची पाठराखण करणाऱ्या निकोमिडियाच्या युसेबियसने. निकेयाच्या बाजूने उभा राहिलेला ॲथेनेशियस ३२८ मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप झाला आणि पाच वेळा हद्दपार झाला. पंचेचाळीस वर्षांच्या कारकिर्दीतली सतरा वर्षे त्याने कधी ट्रीअरमध्ये, कधी रोममध्ये, तर कधी इजिप्तच्या वाळवंटात संन्याशांच्या आसऱ्याने काढली. त्याचा मुद्दा तारणाचा होता. निर्माण झालेला कोणीही दुसऱ्या निर्मिताला देवाशी जोडू शकत नाही. लोक ख्रिस्ताची आराधना करतात, त्याच्या नावाने बाप्तिस्मा घेतात. तो देव नसेल तर ही सारी मूर्तिपूजा ठरेल.

उपासनेतून सिद्धान्ताकडे जाण्याची हीच वाट पुढे कॅपाडोशियाच्या बाझिलने धरली. पित्याला पुत्राद्वारे, पवित्र आत्म्यामध्ये गौरव असो, असे म्हणण्याची रूढी होती. बाझिल कधी कधी ‘पुत्रासह, पवित्र आत्म्यासह’ असे म्हणू लागला, तेव्हा उपासकांतून हरकत आली. ‘द्वारे’ आणि ‘सह’ या एवढ्याशा फरकावर त्याने ३७५ च्या सुमारास अख्खा ग्रंथ लिहिला. ‘सह’ म्हटले की आत्माही त्याच आसनावर बसतो, हे हरकत घेणाऱ्यांनी बरोबर ओळखले होते. बाझिल, त्याचा धाकटा भाऊ निस्साचा ग्रेगरी आणि मित्र नाझियांझसचा ग्रेगरी यांनी ‘एक तत्त्व, तीन व्यक्ती’ ही त्रैक्याची मांडणी घडवली. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. ते पाहायला बाझिल उरला नव्हता.

पुढचा प्रश्न ओघानेच आला: ख्रिस्तात देवत्व आणि मनुष्यत्व एकत्र नांदतात कसे? ४५१ मध्ये कॅल्सिडॉनच्या परिषदेने एका व्यक्तीत दोन स्वभाव असे उत्तर दिले. इजिप्त, आर्मेनिया आणि सिरियातल्या अनेकांनी ते नाकारले आणि दुरावा कायमचा पडला. केरळातली मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्च आजही कॅल्सिडॉन न मानणाऱ्यांत आहे.

या इतिहासाची काळी बाजू झाकता कामा नये. राजदंड हाती आला की मतभेद गुन्हा ठरतो. त्रैक्य नाकारणाऱ्या मिगेल सेर्व्हेतसला १५५३ मध्ये धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या जिनिव्हात जिवंत जाळले गेले. सिद्धान्त खरा असला, तरी तो असा राखायचा नसतो.

सिद्धान्त ‘वाढतात’ हे मान्य करायलाही धाडस लागते. लेरँसच्या व्हिन्सेंटने ४३४ मध्येच बालकाच्या देहाचा दाखला दिला होता: अवयव मोठे होतात, माणूस तोच राहतो. पण त्याचा सविस्तर शास्त्रार्थ केला तो जॉन हेन्री न्यूमनने. ऑक्सफर्डचा हा अँग्लिकन पंडित आरियसच्या काळाचा अभ्यासक होता. खरी वाढ आणि विकृती यांतला फरक कसा ओळखावा, यावर ग्रंथ लिहिता लिहिताच त्याचे मन पालटले आणि १८४५ मध्ये तो कॅथलिक झाला. प्रोटेस्टंटांचा त्यावरचा आक्षेप साधाच होता: ग्रंथात नाही ते श्रद्धेत का आणावे?

हा प्रश्न एका मराठी बाईनेही विचारला होता. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडातल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व यांवर त्यांनी तिथल्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून झुंज घेतली. धर्माधिकारी सांगतात म्हणून मान तुकवायला त्या तयार नव्हत्या. बाप्तिस्मा घेतलेल्या बाईने प्रश्न विचारावेत, याचा सिस्टरांना त्रास होई. रमाबाईंना मात्र विचार न करता मानलेली श्रद्धा श्रद्धाच वाटत नव्हती. चौथ्या शतकातल्या बिशपांचा वाद त्या स्वतःच्या सदसद्विवेकाच्या बळावर नव्याने लढत होत्या. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक आत्मसात केली, मूळ ग्रंथ उघडला आणि संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ मध्ये निधनापूर्वी त्यांनी ते काम तडीस नेले.